लोखंड पाहून पाळणा ओळखणं : अंदाज बांधावा कसा, तपासावा कसा

आमच्याकडे सिल्लोडला लहानपणी जत्रेच्या आधी ट्रक यायचे, तेव्हा आम्हा पोरांचं एकच काम असायचं. उतरणारं लोखंड बघायचं आणि यंदा कोणता पाळणा येतोय ते ठरवून टाकायचं. एका वर्षी लांब फळ्यांची थप्पी उतरली. आम्ही गल्लीभर सांगितलं, ‘मौत का कुआ येतोय.’ दोन दिवसांनी त्याच फळ्यांचं स्टेज उभं राहिलं. गंमत अशी, की मग आमच्यातलाच प्रत्येकजण म्हणायला लागला, ‘मी तर आधीच म्हणलो होतो.’

हाच खेळ जगभरातली मोठी माणसं फार मन लावून खेळतात. एखाद्या थीम पार्कमध्ये नवीन रोलर कोस्टर उभा राहणार अशी कुणकुण लागली, की चाहते कुंपणाबाहेरून फोटो काढतात, काँक्रीटची फुटिंग मोजतात, रुळांचा रंग बघतात आणि उंची, वेग, बनवणारी कंपनी यांचे अंदाज बांधतात. पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्यांनी हा खेळ नीट बघावा असं मला वाटतं. आपणही तेच करतो : थोडं दिसतं, आणि त्यावरून न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायचं असतं.

पुरावा किती वजनाचा?

अमेरिकेत ओहायो राज्यात बटाविया इथे क्लर्मोंट स्टील फॅब्रिकेटर्स नावाचा कारखाना आहे. बॉलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीच्या कोस्टरचे रूळ तिथे बनतात. कारखान्याच्या आवारात नव्या रंगाचे रूळ दिसले, की चाहत्यांची चर्चा सुरू होते.

समजा, आवारात निळे रूळ दिसले. यावरून दोन अंदाज निघतात. पहिला : हे याच स्विस कंपनीचं डिझाइन आहे. दोन नळ्यांखाली जाड चौकोनी पेटीसारखा कणा ही या कंपनीची ओळख आहे, त्यामुळे हा अंदाज भक्कम. दुसरा : हे आपल्या गावाजवळच्या पार्कसाठीच आहेत. हा कच्चा, कारण निळा रंग कुठल्याही पार्कला हवा असू शकतो आणि कारखाना अनेकांसाठी माल बनवतो.

पुरावा तोच, पण एका अंदाजासाठी वजनदार आणि दुसऱ्यासाठी हलका. म्हणून पुरावा आपल्या अंदाजाशी जुळतो का, एवढंच विचारून भागत नाही. तो इतर अंदाजांशीही तितकाच जुळतो का, हे विचारावं लागतं. आमच्या फळ्या मौत का कुआशी जुळत होत्या, तशाच स्टेजशीही जुळत होत्या. म्हणजे त्या फळ्यांनी आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं.

शब्द आधी पक्का करा

ओहायोतल्याच किंग्ज आयलंड पार्कमध्ये २०२० साली ‘ओरायन’ हा कोस्टर सुरू झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घोषणा होण्याआधीच चाहते म्हणत होते, ‘हा गीगा कोस्टर असणार.’ गीगा म्हणजे ३०० ते ३९९ फुटांच्या गटातला. २००० साली सीडर पॉइंट पार्कमधल्या ३१० फुटी ‘मिलेनियम फोर्स’पासून हा शब्द रूढ झाला.

प्रत्यक्षात ओरायनची उंची निघाली २८७ फूट आणि पहिला उतार ३०० फूट. उतार जिथे संपतो ती जागा, जिथून उंची मोजली त्या पातळीच्या खाली आहे, म्हणून हा फरक. मग अंदाज बरोबर आला की चुकला? उंची धरणारे म्हणाले चुकला, उतार धरणारे म्हणाले बरोबर. हा वाद मोजमापाचा नव्हताच. ‘३०० फूट’ म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे आधी ठरलं नव्हतं.

तुमच्या प्रस्तावात ‘कार्यक्षमता वाढेल’, ‘परिणाम सुधारेल’ अशी वाक्यं असतील, तर आरआरसीपुढे नेमकं हेच होतं. काय मोजणार, कोणत्या एककात, कशाच्या तुलनेत, हे आधी लिहा.

एकच सूत्र, तीन कोस्टर

आता थोडं गणित. अकरावीचं आहे, घाबरू नका. उंचावरून जवळजवळ थांबल्या अवस्थेतून सुटलेली गाडी घर्षण नसेल तर तळाशी किती वेगात पोचेल? २ × ९.८ × उतार (मीटरमध्ये), याचं वर्गमूळ काढा. उत्तर मीटर प्रति सेकंदात येतं, ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर.

ओरायन : उतार ३०० फूट, म्हणजे ९१.४ मीटर. सूत्राने ताशी सुमारे १५२ किमी. जाहीर वेग ताशी ९१ मैल, म्हणजे सुमारे १४६ किमी. सूत्रापेक्षा थोडा कमी. चाकांचं घर्षण आणि हवेचा रोध असतोच, तेव्हा हे अपेक्षितच.

सौदी अरेबियातल्या किद्दियाचा ‘फाल्कन्स फ्लाइट’ : जाहीर उंची १९५ मीटर, वेग ताशी २५० किमी. १९५ मीटर सरळ खाली पडलं तरी सूत्र जेमतेम २२३ किमी देतं. इथे नुसत्या गुरुत्वाकर्षणाने भागणार नाही, गाडीला मोटरने ढकलावंच लागेल. आराखडा न बघताही हे सांगता येतं.

आणि आपला, खोपोलीजवळच्या इमॅजिकातला ‘नायट्रो’. २०१३ चा, याच स्विस कंपनीचा. त्याची उंची १३२ फूट, म्हणजे सुमारे ४० मीटर, आणि वेग ताशी १०५ किमी सांगितला जातो. सूत्र म्हणतं १०१ किमी. सांगितलेला वेग घर्षणाशिवायच्या वेगापेक्षाही थोडा जास्त! १०५ साठी किमान ४३.४ मीटर उतार लागेल, घर्षण धरलं तर आणखी.

इथे घाई करू नका. वर नेणाऱ्या साखळीने माथ्यावर गाडीला थोडा वेग दिलेला असतो, पण तो सेकंदाला ३ मीटर धरला तरी अर्ध्या मीटरहून कमी उंचीचा फायदा होतो. ते स्पष्टीकरण पुरत नाही. उंची आणि उतार वेगळे असू शकतात, हे ओरायनमध्ये आत्ताच पाहिलं. किंवा आकडा जाहिरातीसाठी वर ओढलेला असू शकतो. घरी बसून या दोन्हींतून निवड करता येत नाही. मोजावं लागेल.

मोजायला निघण्याआधी

राइडमध्ये मोबाइल घेऊन बसू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण बाहेर उभं राहून व्हिडिओ काढता येईल : उताराच्या तळाशी गाडी एका खांबासमोरून पूर्ण जायला किती वेळ लागतो ते बघायचं आणि गाडीच्या लांबीला त्या वेळेने भागायचं. छान वाटतं ना? आता गाडी १२ मीटरची धरू. ताशी १०५ ने ०.४११ सेकंद लागतील, १०१ ने ०.४२८. फरक ०.०१७ सेकंद. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम ०.०३३ सेकंदाची. आपल्याला हवा तो फरक अर्ध्या फ्रेमएवढा! दिवस घालवून, तिकीट काढून, व्हिडिओ घेऊन आलो असतो आणि हाती काहीच लागलं नसतं.

सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन वापरला तर फरक चार फ्रेमचा होतो. आता काहीतरी बोलता येईल. पण दोन वेगांतला फरकच जेमतेम ४ टक्के आहे, त्यामुळे गाडीची लांबी अर्ध्या मीटरने चुकली तरी सगळं पाण्यात. म्हणजे खरी मेहनत व्हिडिओत नाही, गाडीची लांबी नीट मिळवण्यात आहे. हे पाच मिनिटांच्या गणिताने आधीच कळतं. फाल्कन्स फ्लाइटच्या बाबतीत तफावत इतकी मोठी होती की ढोबळ गणितानेही निर्णय झाला. नायट्रोत तीच पद्धत निर्णय देऊ शकत नाही. तफावत आहे की नाही यापेक्षा, ती आपल्या मोजमापाच्या चुकीपेक्षा मोठी आहे का, हे महत्त्वाचं.

माझी फळी

हे सगळं शहाणपण मला फुकट मिळालं नाही. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या नमुन्याच्या एक्सआरडीत ३८.५ अंशाजवळ एक छोटं शिखर आलं. मला नमुन्यात एक नवा फेज हवा होता आणि त्याचं शिखर साधारण तिथेच यायला हवं होतं. आनंदाला सीमा नव्हती. सहा आठवडे मी त्या शिखरावर वाचन केलं, आकृत्या काढल्या, सेमिनारची स्लाइडसुद्धा बनवली. गाइड सरांनी ती बघून एकच विचारलं, ‘रिकामा होल्डर स्कॅन केलास का?’

केला नव्हता. केला, तर तेच शिखर तिथेही होतं. होल्डर ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियमचं सगळ्यात ठळक शिखर तिथेच येतं. नमुना पातळ पसरला गेला होता, म्हणून खालचा होल्डर दिसत होता. वीस मिनिटांचं स्कॅन पहिल्याच दिवशी केलं असतं तर सहा आठवडे वाचले असते. तो प्रश्न मला सुचला नव्हता असं नाही. विचारायची इच्छा नव्हती.

त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक अंदाजाला चार रकाने असतात :

१. प्रत्यक्ष काय दिसलं.
२. त्यावरून मी काय काढलं.
३. हेच दिसायला दुसरं काय कारण असू शकतं.
४. काय दिसलं तर मी हा अंदाज सोडून देईन.

चौथा रकाना तारीख टाकून, मोजमापाच्या आधी भरायचा. तो रिकामा राहिला तर समजायचं, की आपण अजून जत्रेच्या ट्रकपाशीच उभे आहोत आणि नंतर ‘मी तर म्हणलोच होतो’ म्हणायची सोय करून ठेवतोय.

अंदाज बांधायला अजिबात लाजू नका. त्याशिवाय संशोधन सुरूच होत नाही. आज तुमच्या विषयातला एक अंदाज घ्या आणि हे चार रकाने भरून बघा. तिसऱ्यात एकही ओळ सुचली नाही, तर ज्याला तुमचा विषय आवडत नाही अशा मित्राला विचारा. त्याला सुचेल.