तेलाच्या दाबावर फिरणारीं चाकें

कोल्हापूरच्या उद्यमनगरांत एके काळीं उसाला नदीचें पाणी चढविणारीं ऑईल एंजिनें घडत. आतां त्याच जिल्ह्यांत ऊस तोडणारीं यंत्रें शेतांत उतरतात. त्यांच्या चाकांना गति मिळते ती दाबाखालील तेलानें. हीच हायड्रोस्टॅटिक रचना. एंजिन पंप फिरवितें. पंपांतील दट्टे तिरप्या तबकडीवर फिरतांना मागेंपुढें होतात व तेल मोटरीकडे लोटतात. तबकडी सरळ होतांच यंत्र थांबतें, उलट कलतांच मागें चालतें.

जुनें यंत्र चढावर दमूं लागलें, कीं पंप बदलण्याची घाई होते. प्रथम तेल, फिल्टर व तेल पुरविणाऱ्या लहान पंपाचा दाब तपासावा. सुटा भाग शोधतांना पंपाच्या पट्टीवरील क्रमांक पाहावा. कारण पंप पुष्कळदां दुसऱ्याच कारखान्याचा असतो. त्याचें कवच स्थानिक फौंड्रींत ओततां येईल. परंतु दट्ट्या आणि त्याची नळी यांतील फट मिलिमीटरच्या सहस्रांशांत मोजावी लागते. तेथें धुळीचा कणहि चरे पाडतो. ऐन हंगामांत यंत्र थांबलें, तर पक्व ऊस शेतांतच वाळूं लागतो. म्हणून फिल्टर हंगामापूर्वींच बदलणें हिताचें.