‘जॉग’ करणं म्हणजे नेमकं काय करणं?

आज एकाच इंग्रजी क्रियापदावर बोलायचं आहे. ते म्हणजे ‘जॉग’. शब्दकोश सांगतो, हळू धावणे. मग आपण सरळ ‘हळू धावणे’ असं का म्हणत नाही? मराठीत पळणे आहे, धावणे आहे, तरी ‘जॉगिंग’ हा शब्द आपण उसना का घेतला?

आधी मूळ पाहू. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत दिसतो, तो हलवणे, धक्का देणे, ढोसणे या अर्थानं. आजही कोपराला धक्का लागून कुणाचा चहा सांडला, तर इंग्रजीत ‘जॉग’ वापरतात. विसरलेली गोष्ट कुणी आठवून दिली, तर त्यानं स्मृतीला ‘जॉग’ केलं असं म्हणतात, म्हणजे निजलेल्या स्मृतीला जरा हलवलं. घोड्याच्या संथ, हिसके देणाऱ्या चालीलाही हाच शब्द लागला. आपण तिला दुडकी चाल म्हणतो.

व्यायामाचा अर्थ लोकांत रुजला तो फार अलीकडे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड सामान्य, उतारवयातल्या माणसांनाही संथपणे धावायला लावत. १९६२च्या अखेरीस अमेरिकेतले ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे गेले. पन्नाशीतले हे गृहस्थ त्या लोकांबरोबर निघाले आणि मागे पडले. त्यांना सोबत केली ती सत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकार होऊन गेलेल्या एका माणसानं! परतल्यावर बॉवरमन यांनी डॉ. हॅरिस यांच्यासह ‘जॉगिंग’ नावाचं पुस्तक लिहिलं, १९६७ साली. त्यांची वेगाची कसोटी घड्याळाची नव्हती. धावताना शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे, एवढीच होती.

आता तत्त्वज्ञानाकडे येतो. झेनो व्हेंडलर यांनी १९५७ साली क्रियापदं आणि काळ यांवर एक निबंध लिहिला. त्यातला एक भेद फार उपयोगी आहे. ‘धावणे’ आणि ‘एक मैल धावणे’ या दोन वेगळ्या जातीच्या क्रिया आहेत. एक मैल धावायला निघालेला माणूस अर्ध्यात थांबला, तर तो एक मैल धावला असं म्हणता येत नाही. पण नुसता धावणारा कुठेही थांबला, तरी तो धावलाच. तिथे अर्धवट राहण्यासारखं काही नसतं.

आता आपले शब्द पाहा. ‘पळणे’ म्हटलं की कशापासून तरी दूर जाणं ऐकू येतं. चोर पळाला, मुलगा घरातून पळून गेला. ‘धावणे’ म्हटलं की कशाकडे तरी जाणं येतं. शेजारी मदतीला धावले, आई धावत आली. अर्थात ‘सकाळी पळायला जातो’ असंही आपण म्हणतो, नाही असं नाही. पण निवृत्तीनंतर मी मैदानावर जाऊ लागलो, तेव्हा आमच्या शेजारीणबाईंनी विचारलंच, ‘‘सर, कोण मागं लागलंय तुमच्या?’’ प्रश्न गमतीचा होता, पण त्या शब्दातच दडलेला होता. ‘जॉगिंग’ला ना कुणी मागे असतं, ना पुढे काही गाठायचं असतं. ही मोकळी जागा होती, म्हणून तो शब्द आपल्याकडे टिकला, असं मला वाटतं.

इंग्रजीतही ‘तीन किलोमीटर जॉग केलं’ असं म्हणता येतं. पण तीन किलोमीटर म्हटलं, की व्हेंडलरच्या हिशेबानं क्रियेची जात बदलली. पुन्हा पुरं आणि अपुरं आलं.

हा भेद नुसता व्याकरणाचा नाही. माझे एक जुने मित्र, माझ्याच वयाचे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, मैदानावर आले. अर्ध्या फेरीत थांबले, बाकावर बसले आणि म्हणाले, ‘‘अर्धवटच राहिलं रे.’’ डोळे भरून आले होते त्यांचे. मी म्हटलं, ‘‘अरे, फेरी अर्धी राहिली. जॉगिंग कुठं राहिलं? तू केलंस ते पूर्णच होतं.’’ ते हसले. दुसऱ्या दिवशी परत आले.

आपण कुठल्या क्रियापदानं आपलं आयुष्य मोजतो, हे एकदा तपासून बघा.