काळी माती, मांजर आणि विषाणू

परभणी जिल्ह्यातील येलदरी येथे पूर्णा नदीवर मोठे धरण आहे. त्या परिसरातील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात आणि पाऊस पडताच जमीन फुगून त्या बुजतात. असे का होते? बेसाल्ट खडक झिजून बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील खनिजे विपुल असतात. त्यांचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की कण फुगतात.

खेड्यातील मांजर मोकळ्या मातीत खड्डा करून आपली विष्ठा पुरते. शहरातील बंद घरात तिच्यासाठी पसरट भांड्यात शोषक दाणे भरून ठेवतात. पूर्वी त्यासाठी राख किंवा वाळू वापरीत. १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लोव यांनी त्याऐवजी शोषक माती पुढे आणली. आजचे दाणेही पुष्कळदा माँटमोरिलोनाइटयुक्त मातीचेच असतात. काही ठिकाणी लाकडाचा भुसा वापरतात.

एकाच भांड्यात अनेक मांजरे बसू लागली की धोका वाढतो. मांजरांचा कोरोनाविषाणू विष्ठेतून बाहेर पडतो. भांड्यातील कण पंजांना व केसांना चिकटतात आणि अंग चाटताना पोटात जातात. (माणसातील कोविडचा विषाणू वेगळा.) मांजरांचा पार्व्होविषाणू तर पिलांचा काळच! तो घरातल्या तापमानात वर्षभरही टिकू शकतो.

मग मातीचा उपयोग काय? पशुवैद्यक डायन अ‍ॅडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळे दाणे कोरोनाविषाणूबरोबर मिसळून प्रयोगशाळेत तपासले. मुलतानी मातीच्या जातीच्या काही दाण्यांनी पेशींना होणारा संसर्ग चांगलाच रोखला.

यामागील एक गोष्ट तुम्हाला शाळेत पाहता येईल. दोन परीक्षानळ्यांत मेथिलीन ब्लूचे अगदी फिकट द्रावण घ्या. एकीत चिमूटभर मुलतानी माती, दुसरीत धुतलेली वाळू टाका. हलवून स्थिर ठेवा. माती खाली बसल्यावर वरचे पाणी बरेच फिके दिसेल; वाळूच्या नळीत रंग जवळजवळ तसाच राहील. आता तळाची माती पाहा. ती निळी झाली आहे! रंग नाहीसा झाला नाही, तो मातीला चिकटला. विषाणूही मातीच्या कणांना चिकटू शकतात. मात्र तेथे पाण्यातील क्षार व आम्लता यांचाही वाटा असतो.

धरून ठेवणे म्हणजे मारणे नव्हे, हा यातला मुख्य धडा. परिस्थिती बदलली की चिकटलेले विषाणू सुटूही शकतात. म्हणून विष्ठा रोज काढावी, दर मांजरामागे एक भांडे व शिवाय एक जादा ठेवावे, भांडी अन्नापासून दूर असावीत. रिकामे भांडे आधी घासून धुवावे. मग १ भाग घरगुती ब्लीच व ३२ भाग पाणी यांच्या ताज्या द्रावणात १० मिनिटे ठेवावे. घाण राहिली तर ब्लीचची शक्ती तिच्यावरच खर्च होते. पिलांना वेळेवर लस टोचून घ्यावी. माती मदतनीस आहे. राखण मात्र आपणच करायची.