गाणे ऐकायचे तर कान जपू या

आपल्या वस्तीत गाणे ही चैनीची गोष्ट कधीच नव्हती. अक्षरओळख नसलेल्या आपल्या आजी-आजोबांपर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचला तो जलशातून आणि गायन पार्टीतून. सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावात १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गात राहिले. समोर बसलेल्यांना शब्द न् शब्द कळला पाहिजे, ही त्या गाण्याची रीत होती.

गाण्याचा तब्येतीशीही संबंध आहे. दिवसभर धुणीभांडी, सफाई किंवा बिगारी करून आलेल्या माणसाने संध्याकाळी संथ गाणे ऐकले, की श्वास संथ होतो आणि मनावरचा ताण हलका होतो. तान्हे बाळ आईच्या आवाजाने शांत झोपते. विसरण्याचा आजार जडलेल्या म्हाताऱ्या माणसांनाही तरुणपणीची गाणी पुष्कळदा आठवतात. मात्र गाणे हे औषध नव्हे. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

आता कानाचे पाहू. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसांसारखी टोके असलेल्या नाजूक पेशी असतात. त्यांच्यामुळेच आपल्याला ऐकू येते. मोठ्या आवाजाने त्या मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, ९० डेसिबलचा फक्त ४ तास आणि १०० डेसिबलचा जेमतेम २० मिनिटे. डीजेच्या भिंतीजवळ आवाज १०० च्याही वर जातो. आपली पोरे तिथे चार-चार तास नाचतात. कारखान्यात किंवा ड्रिल मशीनवर काम करणाऱ्यांचे कान तर आधीच थकलेले असतात.

मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा कान बंद झाल्यासारखे वाटले, तर तो इशारा समजा. एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर झाला, तर उपचाराचा उपयोग कमी होतो.

घरी एवढे करता येईल :

• लहान मुलांना खांद्यावर घेऊन स्पीकरसमोर उभे राहू नका.
• मिरवणुकीत मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे कानात घाला. कापूस पुरेसा नाही.
• मोबाइलचा आवाज निम्म्याच्या थोडा वर, त्यापुढे नको. हेडफोन लावून झोपू नका.
• अधूनमधून गोंगाटापासून दूर जाऊन कानांना विसावा द्या.

रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरवर कायद्याने बंधने आहेत. त्या वेळी शेजारच्या खोलीत कुणी आजारी असते, कुणी परीक्षेचा अभ्यास करत असते.

जयंती धूमधडाक्यात झालीच पाहिजे. पण त्यातली एक संध्याकाळ डीजे बंद ठेवून विहाराच्या अंगणात पेटी-ढोलकी मांडू या. वस्तीतल्या जुन्या गायकांना आणि गाणाऱ्या आयाबहिणींना मान देऊन बोलावू या. पोरांना पुढे बसवू या. ज्या गाण्यावर ती आजवर नुसती नाचली, त्यात काय सांगितले आहे, ते त्यांना नीट ऐकू द्या.