बिनपगारी न्यायासन

इंग्लंड आणि वेल्समध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक फौजदारी खटले मॅजिस्ट्रेट कोर्टात सुरू होऊन तिथेच निकाली निघतात. त्यांतले बरेचसे चालवणारे मॅजिस्ट्रेट कायद्याचे पदवीधर नसतात आणि त्यांना पगारही मिळत नाही. कुणी शिक्षिका असते, कुणी दुकानदार, कुणी निवृत्त अभियंता.

कायदा न शिकलेला माणूस मनाला येईल तशी शिक्षा ठोकत असेल, हा या पद्धतीविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज. खटल्याला सहसा तिघे मिळून बसतात. त्यांच्या पुढ्यात कायद्याचे शिक्षण घेतलेला सल्लागार असतो. दुकानातून मालाची पिशवी उचलून नेल्याचा खटला घ्या. चोरी कशाला म्हणायचे आणि शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काय सांगतात, हे सल्लागार समजावतो. साक्षीदार खरे बोलतो की नाही, हे मात्र तिघांनीच ठरवायचे; तिथे सल्लागाराने तोंड घालायचे नाही. निर्णय बहुमताने होतो आणि कुणाचे मत वेगळे पडले ते जाहीर करत नाहीत.

यांना ज्युरी समजणेही चूक. ज्युरीतला माणूस मतदारयादीतून चिठ्ठी निघावी तसा येतो, आरोपी दोषी की निर्दोष एवढे सांगतो आणि घरी जातो. मॅजिस्ट्रेट स्वतः अर्ज करतो, निवड व प्रशिक्षणातून जातो, वर्षातून किमान १३ दिवस बसतो. जामीन आणि शिक्षा या दोन्हींचा निर्णय त्याच्याच हाती असतो. हे अधिकार किरकोळ नाहीत. एका गुन्ह्यासाठी देता येणारी कैद २०२२ मध्ये सहा महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेली, २०२३ मध्ये पुन्हा सहावर आणली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये परत बारा केली. खुनासारखे गुन्हे मात्र पहिल्या सुनावणीनंतर वरच्या क्राउन कोर्टाकडे पाठवले जातात.

श्रीमंतांचे हे मानाचे पान, ही समजूत एके काळी खरी होती. १३६१ च्या कायद्याने हे पद पक्के झाले आणि पुढे शतकानुशतके ते जमीनदारांकडेच राहिले. मालमत्तेची अट १९०६ मध्ये गेली. १९१९ च्या अखेरीस स्टॅलीब्रिजच्या महापौर एडा समर्स या पहिल्या महिला मॅजिस्ट्रेट झाल्या. आज १८ ते ७४ वर्षांच्या कुणालाही अर्ज करता येतो.

ब्रिटिश अमदानीत मुंबईतही ‘जे.पी.’ (जस्टिस ऑफ द पीस, मॅजिस्ट्रेटचेच दुसरे नाव) नेमत, नाना शंकरशेट त्यांपैकीच. मात्र दाखल्याच्या प्रतीवर सही-शिक्का देणारा महाराष्ट्रातला विशेष कार्यकारी अधिकारी म्हणजे इंग्लंडचा मॅजिस्ट्रेट नव्हे. कुणाला दोषी ठरवून तुरुंगात धाडण्याचा अधिकार त्याच्या शिक्क्यात नाही.