साय न घालता सायीसारखं: बटाट्याचं सूप

बटाट्याच्या सूपावर व्याख्यान म्हटल्यावर काही जण गालातल्या गालात हसले, ते मी पाहिलं. हसा, हरकत नाही. पण मी या विषयाकडे वळलो तो वडिलांच्या आजारपणात. थंडीचे दिवस, दात नुकतेच काढलेले, त्यात डॉक्टरांनी साय आणि लोणी बंद केलेलं. काहीतरी गरम, मऊ, पोटभरीचं हवं होतं. मी बटाटे उकडले आणि मिक्सरमधून चांगले तीन मिनिटं फिरवले. वाटीत जे पडलं, ती अक्षरशः खळ होती, पतंग चिकटवायची! वडिलांनी एक घोट घेतला आणि काही न बोलता वाटी बाजूला सारली.

असं का झालं? त्यासाठी बटाट्याच्या आत डोकावायला हवं. बटाट्यात जवळपास 80 टक्के पाणी असतं आणि उरलेल्यात बराचसा स्टार्च. हा स्टार्च बारीक कणांच्या रूपात पेशींमध्ये भरलेला असतो. पाणी साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं, की हे कण पाणी पिऊन टम्म फुगतात. त्याच वेळी पेशींना एकमेकींशी जोडणारं पेक्टिन सैल होत जातं. म्हणजे नीट शिजलेला बटाटा म्हणजे काय, तर फुगलेल्या, सुट्या झालेल्या पेशी. या पेशी अखंड राहिल्या तर जिभेला सायीसारखा मऊपणा लागतो. मिक्सरच्या पात्याने त्या फोडल्या, की आतला स्टार्च बाहेर येतो आणि सगळं चिकट होतं. माझी चूक बटाट्यात नव्हती, पात्यात होती.

हे सूप फ्रान्समध्ये घरोघरी होतं. लीक आणि बटाट्याच्या या सूपाला तिथे ‘पोताज पार्मांतिए’ म्हणतात. आँत्वान पार्मांतिए (1737–1813) हा लष्करातला औषधशास्त्रज्ञ. सात वर्षांच्या युद्धात तो प्रशियाच्या कैदेत पडला आणि तिथे त्याला बटाटे खायला मिळाले. तेव्हा फ्रान्समध्ये बटाटा म्हणजे जनावरांचं खाणं, अशीच समजूत होती. हा माणूस मात्र बटाट्यावर जगून धडधाकट परतला. मग पुढचं आयुष्य त्याने हे कंद माणसाचं अन्न आहे, दुष्काळात तारून नेणारं आहे, हे पटवण्यात घालवलं. 1772 साली पॅरिसच्या वैद्यकशास्त्र विद्याशाखेने बटाटा खाण्यास योग्य असल्याचा निर्वाळा दिला. आजही पॅरिसमधल्या त्याच्या कबरीवर लोक बटाटे ठेवून जातात. तेव्हा हे सूप मुळात श्रीमंती थाटाचं नव्हेच. क्रीम ही त्यावरची हौस.

आता कृती. चार माणसांसाठी अर्धा किलो जुने, पिठूळ बटाटे घ्या. नवे बटाटे भाजीला छान, सूपाला नाहीत. हिरवट झालेले तर घेऊच नका. त्यातलं विष उकळूनही जात नाही. लीक मिळालं तर दोन, नाही तर एक मोठा कांदा आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. चमचाभर तेलात किंवा लोण्यात कांदा मंद आचेवर दहा मिनिटं परता. लाल होऊ देऊ नका, नुसता मऊ करा. मग सोललेल्या बटाट्याचे लहान तुकडे घाला. चिरल्यावर ते धुऊ नका, कारण सूपाला दाटपणा देणारा स्टार्च पाण्याबरोबर जातो. चार कप पाणी, मीठ, आणि झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं. तुकडा चमच्याने सहज दबला पाहिजे. लिंबू किंवा टोमॅटो या टप्प्यावर नको. आंबटपणामुळे पेक्टिन सैल व्हायला वेळ लागतो आणि बटाटा कडक राहतो.

आता खरी मेख. मिक्सर बाजूला ठेवा. फ्रेंच गृहिणी यासाठी हाताने फिरवायचं चाळणीयंत्र वापरतात. आणि तुम्ही म्हणाल, ते आपण कुठून आणायचं? अहो, आपल्या घरात आहे ते! होळीला माळ्यावरून काढतो ते पुरणयंत्र. तेही नसेल तर डाळ घोटायची रवी. शेवटी एक कप गरम दूध घाला, मंद आचेवर ढवळा. उकळी मात्र आणू नका. वरून मिरपूड, चिमूटभर जायफळ.

(प्रश्न: उरलेलं सूप फ्रिजमध्ये घट्ट होतं, ते बिघडलं का?)

नाही. थंड झाल्यावर स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात, म्हणून ते घट्ट होतं. थोडं गरम पाणी घालून हलक्या हाताने तापवा.

वडिलांसाठी साय काढलेलं दूध वापरलं. तिसऱ्या खेपेला जमलं. ते तेव्हाही काही बोलले नाहीत. रिकामी वाटी तेवढी पुढे केली.