आगगाडीला रूळ का लागतात?

पावसाळ्यात बैलगाडी चिखलात रुतते. बैल नेट लावतात, त्यांच्या तोंडाला फेस येतो. पण चाक काही हलत नाही. तीच गाडी फरशीवर आणा. दोन गडी ती सहज ढकलत नेतील. गाडी तीच, ओझेही तेच. मग फरक कशाने पडला? चाकाखालच्या जमिनीने. जमीन मऊ असली की ती दबते. चाक खड्ड्यात बसते, आणि त्याला सारखे वर चढावे लागते. बैलांचा जोर त्यातच जातो.

मोटारीला डांबरी सडक असते. पण तिचे रबरी चाकही थोडे दबतेच. आगगाडीचे चाक पोलादी आणि रूळही पोलादी. दबायला कोणीच तयार नाही! चाक रुळाला टेकते ती जागा जेमतेम लहान नाण्याएवढी असते. त्यामुळे सडकेपेक्षा रुळावर साधारण पाचपट कमी जोर पुरतो. आज कोळशाच्या एका मालगाडीतून साडेतीन-चार हजार टन कोळसा जातो. तेवढ्याला दीड-दोनशे मोठे ट्रक लागतील.

मग एवढ्या वजनाने रूळ जमिनीत रुतत का नाहीत? चिखलात आपण फळी टाकून चालतो ना, तशीच ही युक्ती आहे. रुळांखाली आडवे स्लीपर असतात, त्यांच्याखाली खडी. वजन सगळीकडे पसरते.

चाकाच्या आतल्या बाजूला कंगोरा असतो. तो चाकाला रुळावरून घसरू देत नाही. गाडी वळवायला ड्रायव्हरच्या हाती काहीच नसते. रूळ नेतील तिकडे ती जाणार. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. तेव्हापासून हे असेच चालले आहे.

पण गुळगुळीतपणा कधी कधी नडतो. कर्जतहून लोणावळ्याला जाताना बोरघाट लागतो. तिथे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट चढ. बैलाला हा चढ काहीच नाही. पण आगगाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. चाक जागच्या जागी फिरू लागले, तर इंजिनातून रुळावर वाळू सोडतात. वाळूने पकड येते.

थांबतानाही हीच अडचण. ताशी शंभर किलोमीटर वेगाने येणारी गाडी करकचून ब्रेक लावला तरी जवळजवळ एक किलोमीटर पुढे जाते. फाटकाखालून वाकून जाणारा माणूस ड्रायव्हरला दिसतो. पण त्याला गाडी थांबवता येत नाही, की बाजूला घेता येत नाही. तो फक्त शिटी वाजवू शकतो.

"गाडीचा पत्ता नाही आणि फाटक बंद!" असे आपण कुरकुरतो. पण बऱ्याच ठिकाणी अशी सोय केलेली आहे की, फाटक बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. म्हणून गाडी लांब असतानाच गेटमनला फाटक लावावे लागते.